चार टिचक्या

गेल्या गुरुवारी निपाणीत एका छोट्या नर्सिंग होमला पित्ताशयाची केस होती, दुर्बिणीतून. सर्जननी शेवटचा टाका घातला, ग्लोव्हज काढून बादलीत टाकले आणि म्हणाले, "मॅडम, आमचं झालं. उठवा." मी भूल देणारी, पेशंटच्या अंगठ्याकडं बघत होते, स्नायूंत ताकद परत आली का ते त्याच्यावर कळतं. अंगठा तीनदा हलला आणि गप्प झाला. म्हटलं, अजून वीसेक मिनिटं तरी. "अहो, श्वास घ्यायला लागलाय की तो, बॅग हलतेय बघा." म्हटलं, हलू दे.

त्यांना राग आला असणार, कारण पुढची केस बाहेर घाबरून बसलेली आणि त्यांचा चहा येऊन झाकून ठेवलेला. पण गेली कितीतरी वर्षं माझा हा हट्ट आहे आणि आता निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडच्या सगळ्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरांत, तो माहितीये. "त्या अंगठावाल्या मॅडम" असं माझ्या माघारी म्हणतात हे मला एका वॉर्डबॉयनं सांगितलं, बिचाऱ्यानं फार प्रेमानं सांगितलं.

मी फ्रीलान्स भूल देते. बेळगावहून सकाळी निघायचं, डिकीत दोन बॅगा, एकीत औषधं आणि एकीत लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं साधन), श्वासनलिकेत घालायच्या ट्युबा, अंबू (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि ते छोटं डबडं ज्याच्याबद्दल आज लिहायचंय. नातेवाईकांना वाटतं भूल म्हणजे एक इंजेक्शन, दिलं की झोपला, उतरलं की उठला. तसं नसतं ओ. झोपवणारं औषध वेगळं, दुखणं मारणारं वेगळं आणि स्नायू ढिले करणारं वेगळं. या तिसऱ्याला आम्ही रिलॅक्सन्ट म्हणतो. ते दिलं की पेशंट हात हलवू शकत नाही, पापणी उचलू शकत नाही, श्वाससुद्धा स्वतःचा स्वतः घेऊ शकत नाही, तो आम्ही मशीनवर देतो. आणि यातला भीतीचा भाग असा की या औषधानं झोप अजिबात येत नाही. नुसतं हेच दिलं तर माणूस टक्क जागा, सगळं ऐकतोय आणि बोटसुद्धा हलवता येत नाही. म्हणून गुरुवारी त्या वीस मिनिटांत मी गॅस चालूच ठेवला होता, ताकद यायच्या आधी झोप उडवायची नाही हा पहिला नियम.

मग ताकद कितपत आली हे बघायचं कसं? आमच्या शिकायच्या दिवसात साधी रीत होती. पेशंटच्या कानाशी जाऊन ओरडायचं. आमच्या भागात दोन भाषांत ओरडावं लागतं, आधी मराठीत "आक्का, डोळे उघडा, मान उचला" आणि प्रतिसाद नाही आला की कन्नडमध्ये "कण्ण तगीरी, तली एत्री, कै गट्टी हिडीरी", म्हणजे डोळे उघडा, डोकं उचला, हात घट्ट धरा. मान पाच सेकंद वर धरली, हात घट्ट दाबला की पास. ट्यूब काढायची, ट्रॉली बाहेर. मीसुद्धा तेच करत होते आणि मला माझ्या अंदाजाचा भारी अभिमान होता.

सतरा-अठरा वर्षं झाली असतील. गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं, पेशंट साधारण पन्नाशीची बाई, निपाणीकडचीच, आयुष्यभर बिड्या वळलेली. उजव्या अंगठ्याच्या कडेला तंबाखूचा पिवळट डाग इतका मुरलेला की स्पिरिटनं पुसला तरी निघेना, तो डाग मला आजही दिसतो. सगळं व्यवस्थित चाललेलं, शेवटी पोट शिवताना सर्जन म्हणाले, मॅडम पोट टाइट आहे, जरा रिलॅक्स करा. मी एक मिलिग्रॅम व्हेक्युरोनियम दिलं, रिलॅक्सन्टच ते. पंधरावीस मिनिटांत शिवून झालं, मी रिव्हर्सलचं, म्हणजे रिलॅक्सन्ट उतरवायचं, इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, बाईंनी मान उचलली, मी मनातल्या मनात पाच मोजले, हात दाबला, ट्यूब काढली. वॉर्डात शिफ्ट केलं आणि मी बॅग भरून गाडीकडं निघाले, चिकोडीला दुसरी केस होती.

गाडीचं दार उघडलं आणि मागनं सिस्टर पळत आली. "मॅडम, आक्का निळ्या पडल्यात."

वॉर्डात गेले तर जीभ मागे पडलेली, पोट वर येतंय आणि छाती आत जातेय, पाण्याबाहेरच्या माशासारखं तोंड उघडझाप. त्या काळात वॉर्डात पल्स ऑक्सिमीटर नव्हता. जबडा पुढं ओढला, अंबूनं श्वास दिला, परत ट्यूब टाकली, दोन तास हातानं बॅग दाबत बसले. चिकोडीच्या सर्जनचे फोनवर फोन. बाई वाचल्या, काही झालं नाही, म्हणजे कागदावर काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बघायला गेले. त्या म्हणाल्या, "मला सगळं ऐकू येत हुतं बाई. तुम्ही श्वास घ्या, श्वास घ्या म्हणून वरडत हुता. मी घेतच हुते की ओ, पर आत जातच नव्हता." भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी उलट मलाच विचारलं, तुम्ही काल रात्री जेवला का.

त्यानंतर मी पुस्तकं काढून बसले. मान उचलणं ही परीक्षा किती फसवी आहे हे तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं, माझंच लक्ष गेलं नव्हतं. स्नायूंची ताकद निम्म्याच्या जरा वर परत आली असली तरी माणूस पाच सेकंद मान उचलू शकतो. घशाचे, जिभेच्या मागचे जे बारीक स्नायू श्वासाची वाट उघडी ठेवतात आणि लाळ गिळतात ते फार उशिरा शुद्धीवर येतात. आणि पोट-छातीमधला पडदा, डायफ्रॅम, तो सगळ्यात चिवट, तो सगळ्यांच्या आधी कामाला लागतो. म्हणजे बॅग हलतेय हे डायफ्रॅमचं काम, घसा अजून झोपलेलाच. ट्यूब आत आहे तोवर कळत नाही कारण वाट ट्यूबनं धरून ठेवलेली असते. ट्यूब काढली की मग कळतं.

आता जरा आजोळची गोष्ट सांगते, म्हणजे हे सगळं नेमकं कुठं घडतं ते कळेल. माझं आजोळ निपाणीजवळच. आजोबांची तंबाखूची शेती. लहानपणी सुट्टीत गेलं की वखारीत शिरल्या शिरल्या शिंका. तंबाखूचा ओला पाला दिवसभर काढला की नवख्या गड्याला चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, आजी म्हणायची तंबाखू लागली. ते निकोटिन, कातडीतून आत जाणारं. पुढं मेडिकलला फिजिऑलॉजीत शिकले की नस (म्हणजे मज्जातंतू) आणि स्नायू जिथं जुळतात तिथं स्नायूच्या बाजूला जे कुलूप असतं, ज्यात नसेतून आलेलं ॲसिटिलकोलीन किल्लीसारखं बसतं आणि स्नायू आखडतो, त्या कुलपाचं नाव निकोटिनिक रिसेप्टर. लँग्ली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1905 साली कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन आणि क्युरारे ही दोन विषं लावून बघितली. निकोटिननं स्नायू आखडायचा, क्युरारेनं तो परिणाम अडायचा, आणि नस कापून मरून गेलेली असली तरी हे व्हायचंच. म्हणजे स्नायूवरच काहीतरी आहे ज्याला ही दोन्ही चिकटतात. वर्गात हे ऐकताना माझ्या नाकात वखारीचा वास आला होता, खरंच.

क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणाचं विष. कुलपात किल्लीच्या जागी काडी मोडून बसावी तसं ते बसतं. 1942 च्या 23 जानेवारीला माँट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकारी एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला ते भुलीत वापरून दाखवलं, पेशंट वीस वर्षांचा प्लंबर. तोवर पोट मऊ करायचं म्हणजे ईथरच इतका द्यायचा की पेशंट मरायच्या टेकीला यायचा. क्युरारेमुळं ती कटकट संपली आणि दुसरी सुरू झाली. 1954 मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांतल्या जवळपास सहा लाख भुलींचा हिशेब छापला, रिलॅक्सन्ट दिलेल्या पेशंटांत भुलीशी जोडलेले मृत्यू सहापट. त्यांनी अर्थ काढला की औषधच मुळात विषारी. माझं मत विचाराल तर बिचारं औषध तेच करत होतं जे त्याचं काम आहे, ते उतरलंय का हे बघायला कुणाकडं काही नव्हतं. माझ्या बिडीवाल्या मावशीला जे झालं तेच तिथं झालं असणार, फक्त जास्त वेळा.

बघायची सोय हळूहळू आली. आज आपण जे वापरतो ते 1970 मध्ये लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी छापलं. ट्रेन ऑफ फोर. मी त्याला चार टिचक्या म्हणते. मनगटाच्या आतल्या बाजूला करंगळीकडं अल्नर नस जाते. तिच्यावर दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे, ईसीजीचेच, लहान मुलांचे असले तर छान बसतात. त्यातून करंटचे चार बारीक झटके, अर्ध्या अर्ध्या सेकंदानं, आणि प्रत्येक झटक्याला अंगठा तळहाताकडं टिचकी मारल्यासारखा हलतो. कुलपं सगळी मोकळी असतील तर चारही टिचक्या सारख्या. रिलॅक्सन्ट बसलेला असेल तर पहिली बरी, दुसरी त्याहून बारीक, तिसरी अजून बारीक, चौथी सगळ्यात दुबळी किंवा नाहीच. नस दर झटक्याला किल्ल्या सोडते पण औषधामुळं तिला नव्या किल्ल्या पुढं आणायला जमत नाही, मग चौथ्यापर्यंत आटतं. या आटण्याला फेड म्हणतात.

आणि स्नायू किती उधळा असतो बघा, शंभरातली सत्तर-पंचाहत्तर कुलपं अडकली तरी टिचकीत फरक पडत नाही. त्याच्या वर गेलं की चौथी जाते, मग तिसरी, मग दुसरी, आणि नव्वद-पंचाण्णवच्या वर पहिलीही. म्हणून चार टिचक्या परत आल्या यात खूश होण्यासारखं काही नाही, अजून दोनतृतीयांशाच्या वर कुलपं बंद असू शकतात.

यातली खरी मेख मला फार उशिरा कळली. मावशींच्या प्रकरणानंतर मी एक साधा नर्व्ह स्टिम्युलेटर घेतला, म्हणजे नसेला झटके देणारं यंत्र, बॅटरीवरचा, आणि दोन-तीन वर्षं अंगठ्यावर बोट ठेवून टिचक्या मोजत होते. चार सारख्या लागल्या की ट्यूब काढायची. फार सुधारले असं वाटत होतं. पण चौथी टिचकी पहिलीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पोचली की पुढचा फरक बोटाला कळतच नाही, डोळ्यालाही नाही. कितीही अनुभवी माणूस असू दे. आणि पाहिजे किती? नव्वद टक्के. आधी सत्तर चालतात म्हणायचे, नंतर लक्षात आलं की नव्वदच्या खाली घसा नीट गिळत नाही, ऑक्सिजन कमी पडला तर श्वास वाढवायची शरीराची सवयही मंद असते. म्हणजे चाळीस ते नव्वद हा सगळा पट्टा माझ्या बोटाला आंधळा, आणि नेमका तोच पट्टा धोक्याचा. मग मोजणारं डबडं घेतलं, अंगठ्याला एक बारीक सेन्सर बांधायचा, तो किती त्वरणानं झटकला ते मोजून चौथी टिचकी पहिलीच्या किती टक्के ते आकड्यात देतो. न्यूटनचा दुसरा नियम दहावीत पाठ केला होता तो असा उपयोगी पडेल वाटलं नव्हतं. घरात त्या महिन्यात फ्रिज बदलायचा होता, तो राहिला. नवरा अजून ऐकवतो.

कुणी म्हणेल एकच डोस दिला आणि दोन तास झाले, उतरलंच असणार की. 2003 मध्ये फ्रान्सच्या डेबेन आणि मंडळींनी हेच बघितलं, ट्यूब टाकायला दिलेला एकच डोस, रिव्हर्सल नाही. दोन तासांहून जास्त वेळ गेलेल्यांतही 37 टक्के पेशंट नव्वदच्या खाली. हा आकडा मी दोन-तीन सर्जनना तोंडपाठ ऐकवलाय, त्यातल्या एकांनी "फ्रान्सची माणसं नाजूक असतील" म्हणून उडवून लावलं.

आता आपल्याकडच्या अडचणी, पुस्तकात नसलेल्या. उसाच्या फडातला माणूस आला की मनगटाची कातडी एवढी राठ की करंट जात नाही, स्पिरिटनं घासावी लागते, कधी गॉझनं जरा खरवडावी लागते. लॅप्रोस्कोपीत हात अंगाशी गुंडाळून चादरीखाली, अंगठा दिसत नाही. मग काहीजण कपाळावर लावून भुवई बघतात, पण भुवईचा स्नायू डायफ्रॅमसारखा चिवट, लवकर जागा होतो, त्याच्यावर विसंबून ट्यूब काढली तर फसगत. मी सर्जनच्या मागं लागून एक हात बाहेर ठेवायला लावते, निदान शेवटी तरी. आणि थंडी. खानापूरकडं जानेवारीत सकाळी आठची केस असली की हात बर्फ, गार अंगठा नीट हलतच नाही आणि आकडा उगाच कमी दाखवतो. कापसाचा रोल गुंडाळून ठेवायचा.

सुरुवातीचं माप पेशंट झोपल्यावर पण रिलॅक्सन्टच्या आधी घ्यायचं, नाहीतर शेवटी तुलना कशाशी करणार. जाग्या माणसावर लावू नका, मी स्वतःच्या हातावर चाळीस मिलिॲम्पिअरवर लावून बघितलंय, शिवी आली तोंडात.

स्कोलिन नावाच्या रिलॅक्सन्टची भानगड वेगळी. ते पाच-दहा मिनिटांत उतरतं कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. काहींच्या रक्तात ते एन्झाइमच नीट नसतं, मग पाच मिनिटांचं औषध तासन् तास बसतं. आंध्र-कर्नाटकात वैश्य समाजात, कोमटी म्हणतात त्यांच्यात, हे जास्त सापडतं, 2006 मध्ये त्यांच्यातला जनुकातला नेमका बदलही छापून आलाय. म्हणून आमच्याकडं भुलीचे डॉक्टर कधी कधी तपासणीत समाज विचारतात. एकदा एका तरुण पोरानं माझ्याकडं असं बघितलं की मी जात बघून भूल देतेय. समजावून सांगितल्यावर त्यानं घरी फोन लावला आणि मामाला ऑपरेशननंतर रात्रभर मशीनवर ठेवलं होतं हे निघालं. आणि कीटकनाशक फवारणारे. ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची कीटकनाशकं तेच एन्झाइम मारतात. फवारणीच्या हंगामात शेतकरी आला की काय मारताय, मास्क लावता का, हे मी रक्तदाबाच्या आधी विचारते. हातरुमाल बांधतो म्हणतात.

रिव्हर्सलबद्दलही एक गैरसमज आहे, सिस्टरांतच नाही, डॉक्टरांतही. निओस्टिग्मिन, म्हणजे नेहमीचं रिव्हर्सल, दिलं की लगेच उतरलं असं धरतात. ते काड्या काढत नाही, फक्त किल्ल्या वाढवतं, ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवून. कुलपं जवळजवळ सगळीच अडकलेली असतील तर कितीही किल्ल्या आणा. म्हणून चौथी टिचकी दिसल्यावरच द्यायचं आणि मग दहा मिनिटं धीर धरायचा. सुगामाडेक्स हे दुसरं रिव्हर्सल मात्र रोक्युरोनियम या रिलॅक्सन्टचा रेणूच पोटात घालून टाकतं, दोन-तीन मिनिटांत काम, व्हेक्युरोनियमलाही चालतं, ॲट्राक्युरियम या तिसऱ्या रिलॅक्सन्टला नाही. महाग पडतं. मी बॅगेत एक ठेवते, लग्नातल्या दागिन्यासारखं. आणि ते दिलं तरी अंगठा बघायचाच.

तर गुरुवारी. सर्जन गार चहा पिऊन आले, घड्याळाकडं बघितलं, काही बोलले नाहीत. ओटीतली सिस्टर गोकाककडची, मराठी कळतं पण घाईत कन्नडच येतं. तिला मी आता अंगठा बघायला शिकवलंय, मला वाटतं माझ्यापेक्षा तिलाच त्याची जास्त गोडी लागलीय. चौथी आली तशी तिनंच सांगितलं, "मॅडम, नाल्कु बंतु री", चार आल्या. रिव्हर्सल दिलं. ती हात धरून उभी. पाच मिनिटांनी पंचावन्न टक्के, आठ मिनिटांनी चौऱ्याहत्तर, मग अडकला बहात्तर-चौऱ्याहत्तरवरच, सर्जननी सुस्कारा सोडला. बाराव्या मिनिटाला त्र्याण्णव. दोनदा परत घेतला, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. गॅस बंद केला. पेशंटनं डोळे उघडले, ट्यूब काढली, खोकला, आणि घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न केला, "खडा दावा की ओ."

सर्जननी वाटीत ठेवलेले खडे आणून दाखवले. सात होते.